दिव्याला अर्थ नाही

"दिवे गेले" असं सांगत माझ्या दुकानात आलेल्या माणसांपैकी एकानंही मला कधी खरी हकिगत सांगितली नाही. दिवे आपोआप जातात, असंच प्रत्येकाचं म्हणणं! काल लख्ख होते, आज बटण ओढलं तर अंधार. मध्ये काय झालं? काही नाही. कुणी हात लावला? छे, हात कोण लावणार! मग मी पाना खाली ठेवायचो, गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचो, चहा सांगायचो आणि गाडीकडे न बघता इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू करायचो. गाडी कुठं नेली होती, कुणी धुतली, घरात काही कार्य होतं का? बशीतला चहा संपेपर्यंत बिघाड निम्मा हाती आलेला असायचा. तेव्हा जो काही आनंद व्हायचा तो मला अजून सांगता येत नाही. सकाळी उठून दुकान उघडायला मी अक्षरशः पळत जायचो.

दुकान सोलापुरात विजापूर वेशीजवळ होतं. मी सांगतोय ती गोष्ट तीस सालानंतरची. शहरात मोटारी इतक्या थोड्या की हॉर्नच्या आवाजावरून कुणाची गाडी चालली हे घरात बसून कळायचं. माझे वडील हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. मी कलेक्टर कचेरीत चिकटावं अशी त्यांची इच्छा होती आणि मी चिकटलो ग्रीसला. त्यांनी रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला, शेवटी नाद सोडला. मी काळ्या हातांनी घरी आलो की ते एवढंच म्हणत, "आधी हात धुवा, मग वाद घालू."

सुरुवातीच्या गाड्यांना कार्बाइडचे दिवे असायचे. डब्यात कार्बाइडचे खडे, वरून थेंबथेंब पाणी, त्यातून निघणारा गॅस नळीनं दिव्यात आणि मग काडी ओढायची. वास असा की आठ दिवस कपड्यांतून जायचा नाही. त्या दिव्यांचं दुखणं मात्र साधं होतं. नळी तुंबली, पाणी संपलं, नाहीतर वारा आला. विजेचे दिवे आले आणि आमच्या धंद्यात खरी गंमत आली, कारण वीज दिसत नाही. ती कुठं अडली आहे हे अंदाजानं, युक्तीनं आणि थोडं गोड बोलून काढून घ्यावं लागतं.

लोकांच्या युक्त्या तर काय सांगू! करमाळ्याकडचे एक देशमुख जेऊरहून खास माणूस पाठवून मला घेऊन गेले. गाडी देखणी, दोन्ही दिवे लागत होते, पण उजेड मिणमिणता. बॅटरी ठीक, तारा ठीक, बल्ब नवेकोरे. मी काच काढून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. दिव्याच्या आतली वाटी चांदीच्या मुलाम्याची असते, ती उजेड पुढं फेकते. देशमुखांच्या घरच्या गड्यानं दिवाळीला देवाची भांडी घासली, त्या ओघात ह्या दोन वाट्याही चिंच आणि राख लावून घासघासून काढल्या होत्या. मुलामा केव्हाच गटारात गेला होता. गडी मोठ्या कौतुकानं मला म्हणाला, "लई काळपट झाल्या हुत्या की, आता बगा कशा निगाल्यात!" त्याला रागवायचा धीर मला झाला नाही. वाट्या इतक्या मन लावून घासलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

आता मुख्य हकिगतीकडे येतो. त्याआधी एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढची सगळी मजा वाया जाईल.

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. मोटारीत मात्र बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच तार असते. परत जायला गाडीचं लोखंडच वापरतात. दिवा लोखंडावर घट्ट बसवलेला असला की वीज तारेनं येते, दिवा पेटवते आणि लोखंडातून बॅटरीकडे परत जाते. ही परतीची वाट तुटली तर बल्ब चांगला, तार चांगली, बॅटरी भरलेली, तरी दिवा लागणार नाही. ह्या वाटेला इंग्रजीत 'अर्थ' म्हणतात. मला काम शिकवलं ते रेल्वेतले एक गोव्याचे मिस्त्री कुठलाही दिवा अडला की ओरडायचे, "पहिला अर्थ बघ रे, अर्थ!" एकदा जेवताना मी वडिलांना म्हणालो, "आज दिवसभर अर्थ शोधत होतो, सापडेना." वडील घास हातात धरून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "शाळेत एवढा शोधला असतास तर!" म्हणाले.

अक्कलकोट रस्त्याला मल्लेशप्पा नावाचे एक भुसार व्यापारी होते. पोट मोठं, आवाज मोठा, मनही मोठं, आणि राग मात्र नाकावर. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यांनी सोलापूर ते अक्कलकोट उतारू नेण्यासाठी मोटार घेतली होती आणि तिच्यावर हुसेन नावाचा ड्रायव्हर ठेवला होता. हुसेन आधी टांगा चालवायचा. मोटार शिकला आणि ह्या नोकरीच्या भरवशावर त्यानं घोडा विकून टाकला. गाडी त्याच्या हातात अशी चालायची की मागं बसलेल्या बाईच्या मांडीवरचं मूल जागं होत नसे.

उतारूंची गाडी रस्त्यावर काढायची तर पोलिसांकडून पास करून घ्यावी लागे. तपासणी पोलीस परेडच्या मैदानावर, दिवेलागणीला, म्हणजे दिवेही तिथंच बघता यावेत. तारीख पडली ती नेमकी संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. मल्लेशप्पांनी हौसेनं गाडी नखशिखांत रंगवून घेतली. तेवढ्यानं मन भरेना म्हणून सुताराकडून पुढच्या बाजूला एक जाडजूड सागवानी फळी बसवली. तिच्यावर मोर कोरला आणि दोन्ही दिवे उतरवून त्या फळीवर बसवले. मोराच्या दोन्ही बाजूंना दोन दिवे! गाडी सजवलेल्या नवरदेवासारखी दिसायला लागली.

आणि दिवे गेले.

तपासणीच्या दिवशी दुपारी मल्लेशप्पा घाम पुसत माझ्या दुकानात आले. आल्या आल्या सुरुवात, "त्या हुश्यानं नवे बल्ब काडून इकले, वामनराव! जुने जळके घातलेत. आज दिवे लागले न्हाईत तर गाडी पास न्हाय, आन गाडी पास न्हाय तर हुश्या उद्यापास्नं माझ्याकडं न्हाय."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. चहा सांगितला. गाडीला नवीन काय काय केलंत, विचारलं. त्यांनी रंगाचं, मोराचं, फळीचं अगदी रसभरीत वर्णन केलं. फळीचं नाव निघताच मी जागेवरून उठलो! लोखंडाच्या आणि दिव्याच्या मध्ये सागवान. वीज जाणार कशी? गाडी न बघता, चहा संपायच्या आत बिघाड सापडला होता. मला इतका आनंद झाला की दुकानात तीन गाड्या उघड्या पडल्या आहेत, बाजूला लोहार घण घालतोय, कशाचंच भान राहिलं नाही.

"हुसेनचा काही दोष नाही," मी घणाच्या आवाजावर ओरडून सांगितलं. "फळीमुळं दिव्यांना अर्थ राहिला नाही. अर्थ द्या, लगेच लागतील!"

"येवढंच?"

"एवढंच. हुसेनला सांगा, तो देईल."

"हुसेन कशाला? मी सोता देतो की!" मल्लेशप्पांचा चेहरा उजळला. ते मला नमस्कार करून निघूनही गेले. धन्याला स्वतः तार जोडायची हौस आली आहे असं समजून मला त्यांचं कौतुकच वाटलं.

संध्याकाळी मी धुतलेलं धोतर, पांढरा कोट घालून निघालो. घरच्यांना जत्रेला न्यायचं कबूल केलं होतं, पण माझ्या हातच्या दोन गाड्या तपासणीला होत्या, म्हणून त्यांना पुढं धाडून मी मैदानावर डोकावलो. खिशात सवयीनं ठेवलेला एक पेचकस, बाकी हात रिकामे. रांगेत दहाएक गाड्या उभ्या होत्या. फौजदारसाहेब पहिल्या गाडीचा ब्रेक बघत होते. चौथी मल्लेशप्पांची. रंग काय, मोर काय! मी जवळ गेलो आणि बघतच राहिलो.

दोन्ही दिव्यांच्या काचांना गंध लावलेलं. खाली पाण्याचं थारोळं. एका दिव्यावर झेंडूचं फूल चिकटलेलं आणि समोर मल्लेशप्पा हातात तांब्या घेऊन उभे. माझी चाहूल लागताच कळवळून म्हणाले, "वामनराव, दोनदा दिलं! दुपारी दिलं, आता पुन्ना दिलं. लागंना की हो!"

"काय दिलंत?"

"तुमीच सांगितलं न्हवं? अर्घ्य!"

घणाच्या आवाजात माझा 'अर्थ' त्यांना 'अर्घ्य' ऐकू आला होता. मास्तरांचा मुलगा सांगतोय म्हणजे शास्त्रातलं असणार, म्हणून ह्या भल्या माणसानं आंघोळ करून, सोवळ्यानं, बेल-फूल घालून दोन्ही दिव्यांवर पाणी सोडलं होतं!

हुसेन स्टिअरिंगवर तोंड बारीक करून बसला होता. मला बघून म्हणाला, "मिस्त्री, सुबू से मेरेकू चोर चोर बोलरै शेट. मैं बल्ब कायकू चुराऊंगा? घर में मेरे कंदील है, बिजली है क्या?" आवाज चढा होता, पण डोळ्यांत पाणी. "घोडा भी गया मेरा. कल से क्या करूं?"

ते ऐकलं आणि माझं हसू पळालं. फौजदारसाहेब दुसऱ्या गाडीवर आले होते. हा प्रकार मीच मार्गी लावायला हवा होता.

मी पेचकसानं दिव्यांच्या काचा काढल्या, कोटाच्या बाहीनं आतलं पाणी टिपलं. बल्बाला चिकटलेलं बेलाचं पान मल्लेशप्पांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावून खिशात टाकलं. दोन्ही दिव्यांना जोडणारी एक लोखंडी दांडी होती, म्हणजे तिच्यापासून खालच्या लोखंडापर्यंत एक हातभर तार नेली की दोन्ही दिवे लागणार. हातभर तार! आणि माझ्याजवळ वीतभरही नव्हती. शेजारच्या गाडीवाल्याकडे मागितली तर तो म्हणाला, "माझा लंबर आता येतोय, माझीच काडून देऊ का?" तिकडे माझ्या दुकानात भिंतीवर तारांची वेटोळी लटकत होती आणि इथं मी पांढऱ्या कोटात नुसता उभा!

एवढ्यात मल्लेशप्पांनी हवालदिल होऊन पोटावरून हात फिरवला आणि सदऱ्याखाली काहीतरी चमकलं.

"मल्लेशप्पा, करदोडा चांदीचा आहे?"

"माझा उडदारा?" त्यांनी दचकून कंबर धरली. "व्हय, अस्सल चांदी. आज्ज्याचा हाय."

"काढा!"

"हितं?"

"हितंच. चांदीइतकी वीज दुसरं काहीच नेत नाही. लवकर!"

कमरेची साखळी अशी भर मैदानात सोडायची म्हणजे काय प्रसंग, हे वाचकांनी मल्लेशप्पांचं पोट डोळ्यांपुढं आणून ठरवावं. त्यांचं धोतर त्या करदोड्याच्या आधारावरच उभं होतं. त्यांनी "शिवा, शिवा" म्हणत सदऱ्याच्या आत हात घातला, साखळी सोडवली, माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हातानं धोतर गच्च धरलं. ते पुढं सगळा वेळ धरूनच ठेवलं.

मी साखळी मातीनं घासली, म्हणजे कड्यांवरचा मळ जावा. दांडीवरचा आणि खालच्या लोखंडावरचा नवा रंग पेचकसानं खरवडला. साखळीचं एक टोक दांडीच्या पेचाखाली आवळलं. दुसरं टोक अडकवायला जागाच नव्हती, फळी आड येत होती. ते हातानं ताणून लोखंडावर दाबून धरायला लागणार, कारण साखळी सैल पडली की कड्या एकमेकींना नीट टेकत नाहीत आणि वीज थांबते. मी दाबून धरलं. "हुसेन, बटण!"

दोन्ही दिवे झक्क पेटले. मोर उजळून निघाला. मी आनंदानं ओरडलो असेन, कारण सगळी रांग वळून बघायला लागली.

"मेकॅनिक लोक बाहेर!" शिपायानं दरडावलं. तपासणीच्या वेळी गाडीजवळ फक्त मालक आणि ड्रायव्हर थांबू शकत. हुसेन स्टिअरिंगवर हवाच. राहिले मल्लेशप्पा.

"शाक बसंल की ओ मला!"

"सहा व्होल्टला मुंगीही मरत नाही. धरा, ताणा, सोडू नका." त्यांच्या बोटात साखळीचं टोक कोंबून मी मैदानाभोवती बांधलेल्या दोरीबाहेर पळालो.

फौजदारसाहेब आले. ब्रेक झाला, हॉर्न झाला. "दिवे."

हुसेननं बटण ओढलं. दिवे लागले. मग मिणमिणले. मग गेले. मल्लेशप्पांनी घाबरून हात सैल सोडला होता. त्यांनी साखळी ओढली, दिवे लागले. सैल सोडली, गेले. पुन्हा ओढली, लागले. फौजदार समोर उभे आहेत हेही ते विसरले. आपल्या हाताकडे बघायचे, दिव्यांकडे बघायचे, काचेआडच्या हुसेनकडे बघायचे. आणि एकदम त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अर्थ आतु! वामनराव, अर्थ आतु!"

कानडीत ह्याचा मतलब 'समजलं' असा होतो. माझ्या धंद्याच्या भाषेत 'अर्थ मिळाला' असाही होतो. दोन्ही खरं होतं. दोरीबाहेर मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

"मालक असे वाकून का उभे?" साहेबांनी विचारलं.

"पूजा, सायेब," मल्लेशप्पा हात न हलवता म्हणाले.

"बरं. गाडी पुढं घ्या."

हुसेननं गाडी हळूच सोडली. पुढच्या चाकाच्या बाजूनं मल्लेशप्पा, एका हातात साखळी, एका हातात धोतर, वाकून आडवे आडवे पावलं टाकत निघाले. गाडीच्या बरोबरीनं त्यांनी अर्धं मैदान ओलांडलं. दिवे एकदाही विझले नाहीत. हुसेननं गाडी अशी चालवली, जणू मालकाच्या पावलांखाली काच पसरली आहे.

साहेबांनी हात वर करून गाडी थांबवली, जवळ येऊन खाली वाकले आणि साखळी बघितली. आता संपलं, असं मला वाटलं. ते सरळ झाले तेव्हा मिशीखाली हसत होते. "मालक दर फेरीला असे पुढं चालणार असतील तर गाडीच्या वेगाची मला काळजी नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी तार लावून दाखवा. पास."

मैदानात हशा उसळला. मी दोरी ओलांडून धावलो. मला मल्लेशप्पांना मिठी मारायची होती, हुसेनची पाठ थोपटायची होती. पण हुसेन आधीच खाली उतरला होता. दिवे तसेच चालू होते. त्यानं गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल काढून मल्लेशप्पांपुढं धरलं.

"लो शेट. गाडी पास हो गई. अब दुसरा डायवर देखो."

हसणारे वळून हुसेनकडे बघायला लागले.

"सुबू से चार लोगां में चोर बोले मेरेकू," हुसेन म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "चोर के हात में गाडी नक्को."

"हुसेन, बाबा, माजं चुकलं..."

हँडल पुढं धरून हुसेन उभाच राहिला. मल्लेशप्पांना ते घेता येईना आणि नाकारताही येईना. एका हातात साखळी, एका हातात धोतर. दिव्यांच्या लख्ख उजेडात घामानं डबडबलेला त्यांचा चेहरा सगळ्या मैदानाला दिसत होता. ते एकदा हुसेनकडे, एकदा आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. सोलापूरच्या बाजारात ज्यानं कुणापुढं मान वाकवली नव्हती, असा तो माणूस.

मग त्यांनी आधी साखळी सोडली. दिवे विझले, मैदानावर अंधार झाला. आणि त्या अंधारात त्यांनी धोतरही सोडलं आणि दोन्ही हात जोडले.

काही क्षण कुणालाच काही दिसलं नाही. धोतर खाली पडल्याचा आवाज मात्र मी ऐकला. पाठोपाठ हुसेनचं हसू ऐकू आलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं, मोठमोठ्यानं. "नक्को शेट, नक्को!" म्हणत तो वाकला, हँडल काखेत मारलं आणि आपल्या मालकाचं धोतर दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला.